रामानुजन यांचा दाखला आणि विश्लेषणाचा स्वाध्याय

एम.एस्सी. होऊन नोकरीला लागलेला आणि गणित पुढे शिकू पाहणारा कुणी भेटला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. रिअल अ‍ॅनालिसिससाठी कोणतं पुस्तक घेऊ? रूडिन की अपोस्टॉल? मेझर थिअरीला रॉयडन पुरेल की फॉलंड लागेल? या प्रश्नामागे एक समजूत असते आणि ती त्याच्या एकट्याची नसते. शिकवणारे, ग्रंथालयं चालवणारे, नेट-सेटची तयारी करून घेणारे अशा बहुतेकांची ती आहे. उच्च गणित स्वतःच्या बळावर शिकायचं, तर योग्य ग्रंथ हाती लागणं हीच खरी अडचण. ग्रंथ मिळाला की उरलेलं काम बुद्धी आणि चिकाटी यांचं. कुणी शंका काढलीच, तर एक दाखला तयार असतो: रामानुजन यांनी एका पुस्तकावर सगळं केलं की नाही?

हे मत चुकीचं आहे आणि त्यापायी चांगल्या, कष्टाळू माणसांची वर्षं वाया जातात, म्हणून ते खोडून काढणं मला गरजेचं वाटतं. विश्लेषणाच्या स्वाध्यायात वाचायचं साहित्य कमी पडत नाही. कमी पडते ती आपली चूक पकडणारी व्यवस्था. साधनांचा शोध तिथून सुरू व्हायला हवा आणि पुस्तकाची निवड त्यानंतर यायला हवी.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो. त्याचा सर्वांत भक्कम आधार रामानुजन नाहीत, विषयाचं स्वरूप हा आहे. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते, शस्त्रक्रिया कुणाच्या तरी हाताखाली शिकावी लागते. विश्लेषणाला यातलं काहीच लागत नाही. वास्तव संख्यांचे गुणधर्म पहिल्या प्रकरणात सांगून झाले, की पुढचं प्रत्येक प्रमेय त्यांतून तर्कानेच निघतं. सिद्धता पानावर छापलेली असते. वाचणाऱ्याने पायरी न् पायरी पडताळावी आणि पुढे जावं, तिसऱ्या माणसाचं तिथे काम काय? दुसरा आधार अनुभवाचा. तालुक्याच्या महाविद्यालयात कपाटात शांतिनारायण आणि मलिक-अरोरा असत, परदेशी पुस्तकाची किंमत प्राध्यापकालाही परवडत नसे. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना पुस्तक मिळणं म्हणजे निम्मं शिकणंच वाटलं, आणि त्यांचं ते वाटणं खरं होतं.

हा दुसरा आधार काळानेच काढून घेतला आहे. रूडिनची भारतीय आवृत्ती बाजारात मिळते. टेरेन्स टाओ यांचे 'अ‍ॅनालिसिस'चे दोन्ही भाग २००६ साली मुळात दिल्लीच्या हिंदुस्तान बुक एजन्सीनेच काढले. शेल्डन अ‍ॅक्सलर यांचं मेझर थिअरीचं पुस्तक आणि यिरी लेबल यांचं रिअल अ‍ॅनालिसिसचं पुस्तक लेखकांनीच विनामूल्य खुलं ठेवलं आहे. अडचण टंचाईची असती, तर टंचाईबरोबर तीही गेली असती. पण आजचा स्वाध्यायी पूर्वीच्याच ठिकाणी अडतो. पहिली दोन-तीन प्रकरणं उत्साहाने होतात, मग उदाहरणं सुटल्यासारखी वाटतात पण खात्री होत नाही, आणि पुस्तक बदललं जातं. नव्या पुस्तकाची पहिली दोन-तीन प्रकरणं पुन्हा उत्साहाने होतात.

पहिल्या आधाराला, म्हणजे पायरी न् पायरी पडताळण्याच्या भरवशाला, सविस्तर उत्तर द्यायला हवं. या विषयात चुकीची पायरी बरोबर दिसते. एक सिद्धता जवळून पाहू. संतत फलनांची एक क्रमिका आहे आणि प्रत्येक बिंदूवर ती एका सीमेकडे जाते. या सीमांनी बनलेलं फलनही संतत असेल का? असेल, हे दाखवणारी सिद्धता पदवीचा विद्यार्थी पाच मिनिटांत लिहून देईल. 'अ' या बिंदूपासून 'क्ष'पर्यंत सीमाफलन किती बदलतं ते पाहायचं. या बदलाचे तीन तुकडे होतात: 'क्ष'पाशी सीमाफलन आणि क्रमिकेतलं 'न'वं फलन यांच्यातला फरक, त्या 'न'व्या फलनात 'क्ष' आणि 'अ' यांच्या दरम्यान पडलेला फरक, आणि 'अ'पाशी 'न'वं फलन व सीमाफलन यांच्यातला फरक. 'न' मोठा घेतला की पहिला आणि तिसरा तुकडा एप्सिलॉनच्या एक तृतीयांशाहून लहान होतो. 'न'वं फलन संतत आहे, तेव्हा 'क्ष'ला 'अ'च्या पुरेसं जवळ आणलं की मधला तुकडाही तितकाच लहान होतो. बेरीज एप्सिलॉनच्या आत आली. सिद्धता संपली.

ओळ न् ओळ वाचली तरी काही खटकत नाही, आणि निष्कर्ष मात्र खोटा आहे. शून्य ते एक या अंतरालावर क्ष, क्षवर्ग, क्षघन अशी फलनं घ्या. प्रत्येक फलन संतत आहे. एकपाशी सगळ्यांची किंमत एक. एकच्या अलीकडे कुठेही उभं राहिलं तरी घात शून्याकडे जातात. म्हणून सीमाफलन एकच्या अलीकडे सगळीकडे शून्य राहतं आणि एकवर एकदम एक होतं. सिद्धता कुठे फसली ते आकड्यांत दिसतं. ०.९चा घात ०.०१च्या खाली यायला ४४वा घात लागतो, ०.९९चा यायला ४५९वा, ०.९९९चा यायला ४,६०३वा. 'न' मोठा घेतला, असं आपण म्हणालो तेव्हा तो 'क्ष' पाहून घेतला होता. आणि मग 'न' तोच ठेवून 'क्ष' हलवला. 'क्ष' हलला की जुना 'न' पुरत नाही. एकच 'न' सगळ्या 'क्ष'ना पुरला पाहिजे, अशी अट घातली की तीच सिद्धता उभी राहते. या अटीला एकसमान अभिसरण म्हणतात, वर्गात सगळे युनिफॉर्म कन्व्हर्जन्स म्हणतात.

हे प्रमेय त्या अटीशिवाय ओग्युस्तँ-लुई कोशी यांनी १८२१ साली छापलं आहे, तेही एकोल पॉलितेक्निकसाठी लिहिलेल्या त्या ग्रंथात ज्याने विश्लेषणाला काटेकोरपणाची शिस्त लावली. नील्स हेन्रिक आबेल यांनी १८२६ मध्ये साइन फलनांची एक श्रेणी पुढे ठेवून सांगितलं, की या प्रमेयाला अपवाद दिसतात. नेमकं काय निसटलं ते स्टोक्स आणि झायडल यांनी १८४७च्या सुमारास, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, शोधून काढलं. कोशींच्या मनातला अर्थ काय होता यावर इतिहासकार आजही वाद घालतात. पण १८५३ मध्ये खुद्द कोशींनी प्रमेय दुरुस्त करून पुन्हा मांडलं, एवढं वादातीत आहे. कोशींच्या तोडीचा माणूस, स्वतः लिहिलेली सिद्धता, आणि चूक बाहेर आली ती दुसऱ्याने उदाहरण समोर धरल्यावर. गवंड्याच्या डोळ्याला भिंत सरळच दिसत असते, कलली आहे की नाही हे ओळंबा सोडल्यावर कळतं. मग रात्री दहा वाजता एकट्याने वही उघडणाऱ्या स्वाध्यायीने आपली पायरी आपणच पडताळावी, हा सल्ला त्याला कुठे नेणार?

आता दाखला. १९०३च्या सुमारास, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, रामानुजन यांच्या हाती जॉर्ज शूब्रिज कार यांचा 'सिनॉप्सिस' आला. कार हे केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेची शिकवणी घेत. त्यांनी हजारो सूत्रं क्रमाने मांडून ठेवली होती, आणि सिद्धता असलीच तर इशाऱ्यापुरती. त्यातून रामानुजन यांनी काय उभं केलं ते जगाला ठाऊक आहे. माझा आक्षेप त्यांच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या अनुमानावर आहे, कारण त्यांचा स्वतःचा वृत्तांत या अनुमानाच्या विरुद्ध साक्ष देतो.

१६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजचे गणिती हार्डी यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात मूळसंख्यांविषयी एक दावा होता. एखाद्या संख्येच्या आत किती मूळसंख्या आहेत ते सांगणारं फलन आपल्याला सापडलं आहे, आणि संख्या कितीही मोठी झाली तरी प्रत्यक्ष मोजणी व हे फलन यांतली तफावत शून्य किंवा लहानशीच राहते, असा त्याचा आशय. आकडे पाहिले तर विश्वास बसावा असाच हा दावा होता. १० लाखांच्या आत ७८,४९८ मूळसंख्या आहेत, आणि रामानुजन यांचं सूत्र तिथे अवघ्या २९ने चुकतं. सूत्रही निरर्थक नव्हतं. बर्नहार्ड रीमान यांनी १८५९ साली काढलेलं सूत्र त्यांनी ते न पाहता पुन्हा शोधलं होतं. चूक होती ती तफावतीविषयीच्या दाव्यात. तफावत लहान राहत नाही. ती का वाढते याचं उत्तर झीटा फलनाच्या संमिश्र शून्यांत आहे, आणि त्या शून्यांना रामानुजन यांच्या मांडणीत जागाच नव्हती. झीटाला अशी शून्यं नसती तर त्यांचा सिद्धान्त खरा ठरला असता, या अर्थाचं हार्डींनी पुढे लिहिलं आहे. संमिश्र चलाच्या फलनाची कल्पनाच रामानुजन यांना इंग्लंडला येईपर्यंत धूसर होती, हेही त्यांनीच नोंदवलं आहे.

तक्ते इथे साक्षीला का चालत नाहीत, हे त्याच सुमारास लिटलवुड यांनी दाखवून दिलं. मूळसंख्या मोजण्याचं दुसरं एक सूत्र, लॉगरिदमिक इंटिग्रल, १० लाखांपाशी प्रत्यक्षाहून सुमारे १३०ने जास्त आकडा देतं. त्या वेळच्या प्रत्येक तक्त्यात ते जास्तच आकडा देई. १९१४ मध्ये लिटलवुड यांनी सिद्ध केलं, की पुढे हे पारडं उलटतं आणि अनंत वेळा उलटतं. पहिल्यांदा ते जिथे उलटतं ती जागा कोणत्याही तक्त्याच्या आवाक्यात येत नाही. लाखो उदाहरणांनी दिलेली ग्वाही विश्लेषणात पुरावा होत नाही, आणि एकट्याने काम करणाऱ्याकडे तीच एक ग्वाही असते.

यावर पूर्वपक्षी म्हणेल, की मग दोष पुस्तकाचा झाला. कार यांच्याऐवजी नवा ग्रंथ मिळाला असता तर हे घडलंच नसतं. या उत्तरात तथ्य आहे, पण अर्धंच. नव्या ग्रंथातून संमिश्र फलनांची माहिती मिळाली असती, हे खरं. आपल्या विधानाला सिद्धता नाही आणि ती लागते, हे मात्र रामानुजन यांना कोणत्याही ग्रंथाने सांगितलं नसतं, कारण ग्रंथाला त्यांचं विधान ठाऊकच नव्हतं. ते काम ८ फेब्रुवारी १९१३च्या हार्डींच्या उत्तराने केलं. त्यात कौतुक होतं आणि सिद्धतांची मागणी होती. पुढे केंब्रिजमध्ये हाच व्यवहार रोजचा झाला. त्याचं फळ म्हणजे १९१८ साली दोघांनी प्रसिद्ध केलेला संख्यांच्या विभाजनांवरचा निबंध. २०० या संख्येची विभाजनं मॅकमहॉन यांनी हाताने मोजली होती: ३९,७२,९९,९०,२९,३८८. हार्डी-रामानुजन सूत्राच्या आठ पदांची बेरीज या आकड्यापासून ०.००४ एवढीच दूर पडते. त्या सूत्राची सिद्धता उभी आहे ती कोशींच्या संमिश्र समाकलनावर, म्हणजे पूर्वी ज्याची वाण होती त्याच ज्ञानावर. दाखला द्यायचाच असेल तर रामानुजन यांचा हा उत्तरार्धही द्यायला हवा.

पूर्वपक्षाकडे याहून अवघड एक दाखला आहे, आणि तो बहुधा कुणी देत नाही. नॉटिंगहॅमजवळच्या स्नाइंटन गावचे पीठगिरणीवाले जॉर्ज ग्रीन. शाळा जेमतेम वर्षभर. शहरातल्या वर्गणीच्या ग्रंथालयात वाचून, गिरणी सांभाळत, त्यांनी १८२८ साली वीज आणि चुंबकत्व यांवर निबंध छापला. ग्रीनचं प्रमेय आणि ग्रीनचं फलन त्यातूनच आलं. इथे हार्डींसारखं कुणी नव्हतं, हे मान्य करावंच लागेल. मात्र त्या निबंधात फट कुठे राहिली ते पाहण्यासारखं आहे. हवं ते फलन अस्तित्वात आहे, याला ग्रीन यांनी दिलेलं कारण भौतिक होतं: विद्युतवाहक पृष्ठभाग जमिनीशी जोडला की विद्युतभार स्वतःची अशी मांडणी करून घेतोच. निसर्ग करतो म्हणून गणितात आहे, हा तर्क विश्लेषणाला मान्य नाही. याच जातीच्या युक्तिवादातली खोट वायरश्ट्रास यांनी १८७० साली प्रतिउदाहरण देऊन उघड केली. ग्रीन यांची प्रतिभा अफाट होती, आणि तरी उणीव राहिली ती नेमकी विश्लेषणाच्या जागी.

सोफी जर्मेन यांच्याकडे तर साहित्याचीही कमतरता नव्हती. एकोल पॉलितेक्निकमध्ये स्त्रियांना प्रवेश नव्हता, तेव्हा मस्यो लब्लां या नावाने त्यांनी तिथल्या व्याख्यानांच्या टिपण्या मिळवल्या. १८११ साली कंप पावणाऱ्या पातळ पत्र्यांच्या प्रश्नावर त्यांनी एकटीने निबंध पाठवला. त्यात चुका निघाल्या, आणि समीकरण सुधारून दिलं ते लाग्रांज यांनी. त्या पायावर पुन्हा दोनदा लिहून १८१६ मध्ये त्यांनी अकादमीचं पारितोषिक मिळवलं.

आता दुसऱ्या टोकाचा प्रयोग. टेक्सास विद्यापीठात रॉबर्ट ली मूर यांनी अनेक दशकं पुस्तकांना वर्गात बंदी घातली. व्याख्या आणि प्रमेयं ते फळ्यावर लिहून देत. सिद्धता विद्यार्थ्याने स्वतः शोधायची, फळ्यापाशी उभं राहून मांडायची, आणि बाकीच्यांनी तिच्यातलं छिद्र शोधायचं. बाहेरून वाचून आलेल्याला वर्गातून काढून टाकलं जाई. मूर वंशद्वेष्टे होते, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवायला नकार दिला, आणि त्यांची पद्धत सांगताना हे झाकून ठेवू नये. पण त्यांच्याकडे ५० जणांनी डॉक्टरेट केली आणि त्यांतले कित्येक अमेरिकेतले आघाडीचे गणिती झाले. ग्रंथ काढून घेतला आणि दुरुस्ती ठेवली, तर गणिती घडतात. दुरुस्ती काढून घेतली आणि ग्रंथ ठेवला, तर रामानुजन यांच्यासारख्यालाही मूळसंख्यांच्या प्रश्नात चकवा लागतो.

यावरून कुणी असा अर्थ काढेल, की गुरूवाचून हे शक्यच नाही, तेव्हा स्वाध्याय सोडावा. तोही पक्ष मला मान्य नाही. शिक्षक समोर असणं आणि चूक पकडली जाणं या दोन गोष्टी नेहमी एकत्र येत नाहीत. आपल्याकडच्या पुष्कळ वर्गांत सिद्धता फळ्यावर उतरते, तिथून वहीत आणि वहीतून उत्तरपत्रिकेत जाते. हाइने-बोरेलचं प्रमेय सहा गुणांना येतं, शब्द बरोबर पडले की सहा गुण मिळतात. उत्तरपत्रिका परत येत नाही, आणि आली तरी तिसऱ्या ओळीतला डेल्टा पाचव्या ओळीत का चालत नाही हे समासात कुणी लिहिलेलं नसतं. असे विद्यार्थी महाविद्यालयात असूनही स्वाध्यायीच असतात. फक्त त्यांना ते माहीत नसतं. चूक पकडण्याचं काम माणूस करो, पुस्तक करो की यंत्र, ते होणं महत्त्वाचं. ही दृष्टी घेतली की साधनांची यादी बरीच बदलते.

रूडिनपासून सुरुवात करतो, कारण पहिला सल्ला त्याचाच मिळतो. १९५३ साली लिहिलेलं हे पुस्तक अप्रतिम आहे. त्याच्या सिद्धतांत एक शब्द जास्त नाही. पण ते बोलत नाही. उदाहरणं कठीण, उत्तरं नाहीत, आणि संकल्पना का घडली याचा मागमूस नाही. वही तपासणारं कुणी असेल तर यासारखं पुस्तक नाही. एकट्याने, पहिलंच पुस्तक म्हणून ते घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खुद्द रूडिन यांनाही अनुभवाने पुस्तक बदलावं लागलं. पहिल्या आवृत्तीत वास्तव संख्यांची डेडेकिंड पद्धतीची रचना सुरुवातीलाच होती. १९७६च्या तिसऱ्या आवृत्तीत ती त्यांनी परिशिष्टात हलवली, कारण नवख्याला सुरुवातीला तिची गरजच जाणवत नाही. लेखकाला हे शिकणाऱ्यांकडून कळलं, आणि शिकणाऱ्याला त्याचं चुकलेलं लेखकाकडून कळायची सोय पुस्तकात नाही.

त्याऐवजी ज्या पुस्तकांत दुरुस्तीची सोय आहे ती आधी मिळवावीत. गेल्बाम आणि ओल्मस्टेड यांचं 'काउंटरएग्झाम्पल्स इन अ‍ॅनालिसिस' हे १९६४चं पुस्तक स्वस्त आवृत्तीत मिळतं. प्रमेयाचा शब्द न् शब्द का आहे हे ते दाखवतं. एक अट गाळा, आणि कोणतं राक्षसी फलन आत शिरतं ते पाहा. पोल्या आणि सेगो यांचा १९२५चा उदाहरणसंग्रह तर निम्मा उत्तरांचाच आहे. काचोर आणि नोवाक यांचे तीन खंडही तसेच, आणि नवख्याला जास्त सोपे पडणारे. आपल्या जवळचं म्हणाल तर आयआयटी मुंबईच्या सुधीर घोरपडे आणि बालमोहन लिमये यांचं कलन आणि विश्लेषणाचं पुस्तक. कलनात गृहीत धरलेली कोणती गोष्ट सिद्ध करायची राहिली आहे, हे ते पावलोपावली सांगतं. तिथे वाचणाऱ्याच्या डोक्यात आधीच बसलेली चूक लेखकांनी ओळखलेली असते.

आयती उत्तरं पाहून बुद्धी लुळी पडते, हा आक्षेप जुना आहे आणि उत्तर आधी पाहिलं तर तो खराही आहे. स्वतःची सिद्धता पूर्ण वाक्यांत कागदावर उतरल्याशिवाय उत्तराचं पान उघडायचं नाही, एवढी शिस्त लागते. उतरल्यावर उत्तराशी तुलना करताना निष्कर्ष जुळला की नाही ते पाहू नये. छापील सिद्धतेत एखादी अट वापरली आहे आणि आपल्यात ती कुठेच वापरलेली नाही, असं दिसलं तर थांबावं. दहांपैकी नऊ वेळा चूक तिथे असते. कोशींच्या प्रमेयात हीच कसोटी लावून पाहा: योग्य सिद्धतेत एकसमान अभिसरणाची अट लागते, चुकीच्या सिद्धतेत ती कुठेच येत नाही.

यंत्राचाही विचार करायला हवा. संभाषण करणाऱ्या यंत्राला सिद्धता दाखवली की ते नम्रपणे मान डोलावतं किंवा स्वतःच गोड भाषेत तसलीच चूक करतं. वर दिलेली तीन तुकड्यांची सिद्धता वाचून बिनतक्रार पुढे जाणाऱ्याला मी तपासनीस म्हणणार नाही. लीन नावाची प्रणाली वेगळ्या जातीची आहे. सिद्धता तिच्या भाषेत लिहावी लागते आणि प्रत्येक पायरी नियमाने निघते की नाही ते ती तपासते. 'न' कशावर अवलंबून आहे हे सांगितल्याशिवाय ती पुढे सोडतच नाही. टाओ यांनी २०२५ मध्ये आपल्या 'अ‍ॅनालिसिस'च्या पहिल्या भागाला लीनची जोड दिली आणि त्यातली उदाहरणं त्या भाषेत सोडवायला खुली केली. ही भाषा शिकायला वेळ जातो आणि ती सगळ्यांना मानवेल असं नाही. पण लातूरला किंवा सावंतवाडीला एकट्याने बसलेल्या माणसाला पहाटे तीन वाजता ही पायरी निघत नाही असं सांगणारं काही असावं, ही गोष्ट रामानुजन यांच्या काळात कल्पनेतही नव्हती.

तरीही सोबत्याची सर कशालाच येत नाही, आणि सोबती आपल्याहून जाणता असायला हवा असंही नाही. १९१६ साली क्राकूवच्या प्लांटी बागेतून फिरताना ह्यूगो स्टाइनहाउस यांच्या कानावर 'लबेगचं माप' हे शब्द आले. बाकावर दोन तरुण बोलत बसले होते, स्टेफान बानाख आणि ओट्टो निकोदिम. बानाख यांचं गणित बरंचसं स्वतःच शिकलेलं. लबेगचा सिद्धान्त तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा होता, आणि युद्धात सापडलेल्या शहरात बागेतल्या बाकावर त्याची चर्चा चालली होती. फूरिये श्रेणींच्या मध्यमान अभिसरणाचा एक प्रश्न स्टाइनहाउस काही काळ सोडवत होते. तो त्यांनी या दोघांना सांगितला, आणि थोड्याच दिवसांत बानाख प्रतिउदाहरण घेऊन आले. त्यावरचा दोघांचा निबंध १९१८ साली छापला गेला. बानाख यांच्याकडे पुस्तकं किती होती हे या हकिगतीत कुठेच येत नाही. बाकावर दुसरा माणूस होता, हे येतं.

असा दुसरा माणूस आपल्याकडे शोधावा लागतो, पण तो मिळतो. एस. कुमारेसन यांनी १९९३ साली सुरू केलेला एमटीटीएस हा उन्हाळी उपक्रम याच तत्त्वावर चालतो. तिथे व्याख्यानापेक्षा प्रश्न अधिक असतात, आणि विद्यार्थ्याला फळ्यापाशी उभं करून त्याच्याच वाक्याचा अर्थ विचारला जातो. तिथून आलेल्या मुलांत मला फरक दिसतो तो माहितीचा नसतो. 'स्पष्टच आहे' असं लिहिण्याआधी ती थांबतात. पुण्याला श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ साली स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. यांपैकी काहीच जवळ नसेल तर वर्गातला एक जुना मित्र पुरतो. आठवड्याला दोघांनी एक-एक सिद्धता पूर्ण वाक्यांत लिहावी आणि फोटो काढून एकमेकांना पाठवावी. तपासणाऱ्याला उत्तर येत असण्याची गरज नाही. त्याने प्रत्येक 'असा न घ्या' आणि प्रत्येक 'असा डेल्टा घ्या' याखाली रेघ मारून हा कशाकशावर अवलंबून आहे एवढंच विचारावं. सीमा आणि समाकलन यांची जागा बदललेली दिसली तर कोणत्या प्रमेयाने बदलली ते विचारावं. मेझर थिअरीपर्यंत आणि त्यापुढे बानाख अवकाशांपर्यंत गेलं तरी बहुतेक चुका या दोन प्रश्नांच्या जाळ्यात अडकतात. पुस्तक कोणतं, हा प्रश्न मग दोघांनी मिळून ठरवायचा. पहिल्या वर्षी घोरपडे-लिमये किंवा टाओ घ्यावं, गेल्बाम-ओल्मस्टेड कायम शेजारी ठेवावं, आणि रूडिन दुसऱ्या वर्षी उघडावं, कारण तोवर त्याची उदाहरणं तपासणारं कुणीतरी तयार झालेलं असेल.